वॅक्स लावू की सीलंट? गाडीच्या रंगासाठी सल्ला हवा

गुंतवळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

गाडी गडद निळी, तीन वर्षांची. कायम उघड्यावर उभी असते आणि डोक्यावर झाड. मागच्या आठवड्यात चार दिवस हलली नाही, तेवढ्यात एका पक्ष्याने बॉनेटवर आपली सही करून ठेवली. ओल्या कापडाने पुसली तर खाली नाण्याएवढा फिकट डाग. नख फिरवलं की कडेला खाच लागते. जीव हळहळला.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो वॅक्स लाव, त्याचे बाबा डबीतलं पिवळं वॅक्स लावायचे आणि गाडीत तोंड दिसायचं. धाकटा भाऊ म्हणतो, वॅक्सचा जमाना गेला, सीलंट लाव आणि विसरून जा. दुकानात जाऊन बघितलं तर बाटल्यांवर ‘पॉलिश वॅक्स’, ‘वॅक्स सीलंट’, ‘सिरॅमिक वॅक्स’, म्हणजे दोघंही बरोबर आणि दोघंही चूक. रिकाम्या हाताने परत आले.

दोन्हीत नेमका फरक काय? टिकतं कोणतं? आणि माझा तो डाग यातल्या कशाने जाईल का?

फडकेवाली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते वाईट आहे. डाग यातल्या कशानेच जाणार नाही. वॅक्स असो की सीलंट, दोन्ही वर बसणारे थर आहेत. खाली जे असेल ते झाकून टाकतात. डागावर सीलंट लावलंत तर डाग चकचकीत दिसेल, एवढंच.

पक्ष्याच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं हे खरंच, पण निम्मं काम ऊन करतं. तापलेल्या पत्र्यावर वरचा पारदर्शक थर नरम पडतो. त्यात ती विष्ठा सुकून कडक होते. संध्याकाळी पत्रा थंड झाला की तो थर तिच्याभोवती आहे तसाच आवळतो. म्हणून खाच पडते. चार दिवस म्हणजे चार वेळा हे चक्र झालं.

नखाला खाच लागतेय म्हणजे आधी पॉलिश करावं लागेल. पॉलिश हा तिसराच प्राणी, त्याची वॅक्सशी गल्लत करू नका. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते रंगाचा थर कमी करतात. वॅक्स आणि सीलंट थर वाढवतात.

मिश्कील_मांजर

‘पक्ष्याने सही केली’ 😄 लेखन सोडू नका ताई, गाडी गेली उडत.

रंगारी_आप्पा

मी गाड्यांच्या रंगकामात आयुष्य काढलं. आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

१९८० च्या दशकापासून बहुतेक गाड्यांवर रंग दोन भागांत मारू लागले. आधी रंगाचा थर, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी लाख समजा. तुम्ही ज्याला हात लावता तो हा क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. गाडीची सगळी शान केसापेक्षा बारीक पापुद्र्यावर उभी आहे. पॉलिश हा पापुद्रा खातं, म्हणून उठसूट पॉलिश करू नये. त्याच्यावर स्वस्तातला, पुन्हा पुन्हा बदलता येणारा थर ठेवायचा आणि झीज त्याची होऊ द्यायची. वॅक्स आणि सीलंट दोन्ही याच कामाला.

आता फरक. चांगलं वॅक्स म्हणजे कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडासारखं झाड वाढतं, कडक उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून ते पानांवर मेणाचा थर आणतं. पानं वाळवून, झोडून ते मेण काढतात. नैसर्गिक मेणांत हे सर्वांत कठीण, वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सिअस लागतात. मधमाशीचं मेण ६२-६४ ला वितळतं. नुसतं कार्नौबा दगडासारखं असतं, फडक्याने पसरायचं नाव नाही. म्हणून त्यात तेलं, द्रावक आणि मऊ मेणं घालतात. डबीवर ‘१००% कार्नौबा’ लिहिलेलं असलं तरी डबीभर कार्नौबा नसतं. आत जे मेण आहे ते कार्नौबा, इतकाच त्याचा अर्थ.

सीलंट कारखान्यात बनतं. कृत्रिम पॉलिमर, बहुतेक वेळा सिलिकोनच्या घराण्यातले. वॅक्स रंगावर नुसतं बसतं. सीलंटचे रेणू रंगाला धरतात आणि सुकताना एकमेकांत गुंततात, जाळं विणल्यासारखे. त्याला वेळ लागतो. लावल्यावर १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही ते यासाठी.

टिकाऊपणा: उघड्यावरच्या गाडीवर वॅक्स महिना-दीड महिना, फार तर दोन. सीलंट चार ते सहा महिने. डब्यावर वर्षभर लिहिलेलं असेल तर ते सावलीत झाकून ठेवलेल्या गाडीचं धरा.

ताई, तुमची गाडी उन्हात आणि गडद. सीलंट लावा.

कोरडा_पाषाण

आप्पा, तुमचा मान राखून विचारतो. या सगळ्याची खरंच गरज आहे? माझी गाडी अकरा वर्षांची आहे. पाणी आणि शांपू यापलीकडे तिला काही माहीत नाही. रंग शाबूत आहे. हा सगळा बाटल्या विकायचा धंदा वाटतो.

आणि ‘अतिनील किरणांपासून संरक्षण’ हे तर सगळ्याच बाटल्यांवर असतं. एवढ्या पातळ थराने किरण अडतात होय?

रंगारी_आप्पा

पाषाणराव, दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. क्लिअर कोट बनवतानाच त्यात अतिनील किरण शोषणारी आणि त्यांचा परिणाम रोखणारी रसायनं घालतात. ऊन झेलण्याचं खरं काम तेच करतात. वॅक्सचा थर एका मायक्रॉनच्याही आत असतो, त्याने कसलं ऊन अडतंय. ‘ऊन लागतं म्हणून वॅक्स लावा’ हा सल्ला अर्धवट आहे. मी वरती ‘गाडी उन्हात’ म्हणालो ते उष्णतेने वॅक्स लवकर उतरतं म्हणून.

पहिल्या मुद्द्यावर असहमत. तुमची गाडी कोणत्या रंगाची आणि कुठे उभी असते?

कोरडा_पाषाण

पांढरी. छपराखाली.

मिश्कील_मांजर

😂😂

फडकेवाली

पांढऱ्या गाडीवर अर्धे ओरखडे दिसतच नाहीत हो. रात्री टॉर्च तिरका धरून बघा, कोळ्याची जाळी दिसेल.

पण पाषाणदादांच्या बोलण्यात तथ्य आहे. चुकीच्या पद्धतीने दर रविवारी वॅक्स लावण्यापेक्षा नीट धुतलेली, काहीच न लावलेली गाडी जास्त टिकते. ओरखडे बहुतेक धुण्या-पुसण्यातून पडतात. सुकी धूळ फडक्याने झटकणं हे पहिलं पाप. एकाच बादलीत चिखलाचं फडकं पुन्हा पुन्हा बुडवणं हे दुसरं. शांपूची बादली वेगळी, फडकं खंगाळायची वेगळी, आणि सुरुवात छतापासून. चाकं आणि दारांची खालची बाजू शेवटी, दुसऱ्याच फडक्याने.

चकमक

माझा अनुभव लिहितो, गुंतवळ ताईंच्या उपयोगी पडेल.

गाडी काळी. एका गाडी धुण्याच्या ठिकाणी ‘वॅक्स पॉलिश’ करून घेतलं. संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा आरसा. सगळ्या सोसायटीला बोलावून दाखवली. तीन धुण्यांनंतर सगळी जाळी परत आली, पूर्वीपेक्षा जास्त! मला वाटलं वॅक्स उतरलं. मग एका माहीतगार मित्राने समजावलं की त्या क्रीममध्ये तेलं आणि भरणारे घटक होते. ओरखडे निघाले नव्हते, भरले होते. आणि जास्त झाले ते मशीन फिरवण्यापूर्वी गाडी नीट धुतलीच नव्हती म्हणून. धुळीसकट पॉलिश केलं.

तेव्हापासून लावायचं ते स्वतः लावतो. कुणाच्या हातात गाडी देत नाही.

गुंतवळ

बापरे. सगळ्यांचे आभार, वाचून डोकं गरगरतंय पण प्रकाशही पडतोय.

आप्पा, अजून एक. सासरे वॅक्स लावायचे ती चकाकी वेगळीच होती असं नवरा शपथेवर सांगतो. हे खरं की आठवणीची चकाकी?

रंगारी_आप्पा

दोन्ही. जुन्या गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसायचा. रंग एकाच प्रकारचा, उन्हाने वरचा भाग कोरडा पडून खडूसारखा व्हायचा. फडक्यावर गाडीचा रंग यायचा, आठवतंय का विचारा त्यांना. अशा रंगात वॅक्समधली तेलं मुरायची आणि रंग एकदम खोल, ओला दिसायचा. फरक डोळ्यांत भरायचा. आजच्या क्लिअर कोटवर तेवढा फरक पडत नाही, चमक मुळातच त्या कोटाची असते.

तरी गडद रंगांवर वॅक्सची ऊब थोडी वेगळी दिसते असं मी मानतो. सीलंटची चमक काचेसारखी, जरा थंड. आमच्यातले काही याला भ्रम म्हणतात. मी वाद घालत नाही.

वाटाड्या

उशिरा आलो. मी दोन वर्षांपूर्वी घरीच एक उद्योग केला होता तो सांगतो. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डावीकडे कार्नौबाचं वॅक्स, उजवीकडे सीलंट. दोन्ही एकाच दिवशी, एकाच तयारीनंतर. गाडी रोजच्या वापरातली, रात्री उघड्यावर.

पहिले दोन आठवडे काही फरक नाही. उलट वॅक्सवरचे थेंब जास्त गोल, जास्त देखणे. पाचव्या आठवड्यात डावीकडे पाणी पसरायला लागलं आणि सातव्यात ती बाजू अगदीच उघडी पडल्यासारखी. उजवीकडे पाच महिने थेंब धरत होते, नंतर हळूहळू सुस्तावले.

पण दोन गोष्टी अपेक्षेबाहेर घडल्या. एक, तिसऱ्या महिन्यात पक्ष्याने नेमका सीलंटच्या बाजूवर प्रसाद टाकला. दिवसभर ऊन होतं, मी गावाला. परत येऊन पुसलं तर फिकट वळ उमटलेला होताच. सीलंटने वाचवलं नाही, फक्त पुसणं सोपं केलं. दोन, बोअरच्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळू दिली तेव्हा दोन्ही बाजूंना पांढरी वर्तुळं पडली, थेंब जितके छान तितकी वर्तुळं ठसठशीत.

चकमक

थेंब भिंगासारखं काम करतो आणि रंग जाळतो, म्हणून ती वर्तुळं पडतात ना?

फडकेवाली

नाही हो, ती पाण्यातल्या क्षारांची. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. थेंब आटत जातो, क्षार आटत नाहीत, ते सगळे कडेला गोळा होतात. थेंब उभट असला की एका जागी जास्त क्षार. म्हणून धुतल्यावर गाडी पुसायलाच हवी. ताजी वर्तुळं पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. मग लगेच साध्या पाण्याने धुवायचं आणि त्या जागी वॅक्स-सीलंट पुन्हा लावायचं. जुनी झाली की ती रंगात खड्डा करून बसतात, मग पुन्हा पॉलिश आलंच.

वाटाड्या, तुमच्या प्रयोगावर एक बारीक शंका. थेंब धरत नाहीत म्हणजे थर गेला, असं दर वेळी नसतं. शांपूचा अंश राहिला किंवा वर धुळीची साय बसली तरी पाणी पसरतं. नीट धुतल्यावर थेंब परत येतात. आणि काही सीलंट मुळातच पाणी थेंबांऐवजी चादरीसारखं ओघळून जावं असे बनवलेले असतात. अशी गाडी पुसायला सोपी, पण थेंब बघायला आवडणाऱ्यांची निराशा होते.

वाटाड्या

मान्य. सातव्या आठवड्यात धुऊन बघितलं होतं, तरी डावीकडे परत आले नाहीत. पण पाचव्याबद्दल छातीठोक सांगू शकत नाही.

कोरडा_पाषाण

म्हणजे विष्ठा अडत नाही, ऊन अडत नाही, ओरखडे अडत नाहीत आणि थेंब पडले तर डाग पडतात. मी बाटली का घ्यावी ते कोणी एका वाक्यात सांगेल का?

रंगारी_आप्पा

घाण चिकटत नाही, म्हणून कमी घासावं लागतं, म्हणून क्लिअर कोट कमी झिजतो. झालं एक वाक्य.

विष्ठेचंही वाटाड्यांनी अर्धंच सांगितलं. थर असला की तिला आधी तो खावा लागतो, तुम्हाला फडकं शोधायला थोडे तास मिळतात. चार दिवस नाही मिळत.

कोरडा_पाषाण

हे पटलं. आधी सांगायचं ना.

गुंतवळ

बरं, माझं सीलंटवर नक्की होतंय. आता तयारी कशी करायची ते सांगा. चकमक यांचा किस्सा वाचून धास्तावले आहे.

फडकेवाली

तयारीतच दिवस जातो, लावायला तासभर पुरतो. मी करते ते लिहिते.

आधी स्वच्छ धुणं. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या बॉनेटवर अलगद बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलंय: झाडाचा चीक, डांबर, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. त्यासाठी क्ले बार, म्हणजे गाडीची खास चिकणमाती. भरपूर फवारा मारून, वजन न देता फिरवायची आणि घडी घालत नवी बाजू वर घ्यायची. खाली पडली तर फेकून द्या, हळहळू नका. तो तुकडा आता वाळूचा कागद आहे.

मग तुमच्या डागापुरतं पॉलिश, हाताने, बारीक कणांचं. खाच पूर्ण जाईपर्यंत घासू नका! कडा बोथट झाल्या, डोळ्याला टोचेनासा झाला की थांबा. राहिलेला डाग क्लिअर कोटपेक्षा स्वस्त.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सीलंटला शिव्या देतात. पॉलिशचं तेल रंगावर राहतं. सीलंटला रंग धरायचा आहे, तेल नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फडक्याने सगळं पुसून घ्या. वॅक्सला हे तितकं लागत नाही, ते तेलावरही बसतं. घाईच्या माणसासाठी वॅक्स बरं म्हणतात ते यासाठीच.

लावताना गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड. सीलंट अगदी थोडं. जाड थर लावून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. धुरकट दिसायला लागलं की एका जागी बोट ओढून बघा, खाली स्वच्छ रेघ उमटली तर पुसायला घ्या.

आणि काळ्या खडबडीत प्लास्टिकला लागू देऊ नका. पांढरे डाग पडतात आणि महिनोन्महिने तोंड चिडवत राहतात. आधीच चिकटपट्टी लावा. मी नाही लावली, आरशाखाली अजून दिसतंय.

मिश्कील_मांजर

वाचनखूण साठवली आहे. अवांतर: मॅट रंगाच्या गाडीला यातलं काय चालेल? भावाची आहे, मी नाही घेतली.

रंगारी_आप्पा

यातलं काहीच नाही. मॅट रंग घासला की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि ते परत दुरुस्त होत नाही, पत्रा नव्याने रंगवावा लागतो. मॅटसाठी म्हणून वेगळी उत्पादनं असतात तीच वापरायची.

अवांतरावरून आठवलं. कोणी नुकतंच डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर त्या भागाला लगेच सीलंट फासू नका. कारखान्यात नुसत्या पत्र्यावर रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. दुरुस्तीत गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक सगळं असतं, त्यामुळे ६० च्या आसपासच. आतला द्रावक बाहेर पडायला आठवडे लागतात. रंग मारणाऱ्याला विचारा. साधारण एक ते तीन महिने थांबायला सांगतात.

चकमक

सीलंटवर वॅक्स चालतं का? दोन्हीचे फायदे एकदम.

वाटाड्या

सीलंटवर वॅक्स चालतं, वॅक्सवर सीलंट नाही. खाली वॅक्स असेल तर सीलंट धरणार कशाला? सीलंट लावून एक दिवस जाऊ दे, मग वॅक्स. मी सणासमारंभापुरतं लावतो. टिकाऊपणात विशेष भर पडत नाही, हौस भागते.

गुंतवळ

अहवाल द्यायला आले. (पाच आठवडे झाले, उशिराबद्दल क्षमस्व.)

शनिवारी धुणं, क्ले, पॉलिश. पिशवीची युक्ती अफाट आहे, स्वच्छ दिसणारं बॉनेट आत कसं खरखरतंय ते पहिल्यांदा कळलं. डाग साठ टक्के गेला असं मी म्हणते, नवरा म्हणतो तीस. रविवारी सकाळी अल्कोहोलने पुसून सीलंट. रात्रभर भावाच्या घराखालच्या बंदिस्त जागेत गाडी ठेवली. त्याने भाड्याऐवजी ‘मी म्हणालोच होतो’ हे तीन वेळा ऐकवलं.

पुढच्या रविवारी नवऱ्याने सासऱ्यांची जुनी डबी शोधून काढली. वॅक्स आत तडकून खडे झालेलं. नवी आणली आणि छतावर एकट्याने लावली, मला हात लावू दिला नाही. ऊब दिसते का? आप्पा, संध्याकाळच्या उन्हात मला दिसली. भावाला नाही दिसली.

पक्षी परवा पुन्हा येऊन गेला. या वेळी तासाभरात फडकं ओलं करून वर ठेवलं, मऊ झाल्यावर उचललं. खाली काही नाही. आता डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं कायमचं.

एकच राहिलं. चाकांच्या रिमना उरलेलं वॅक्स लावलं होतं, ते दहा दिवसांत गेलं. काय चुकलं?

रंगारी_आप्पा

ब्रेक तापतात, रिम तापते, वॅक्स उतरतं. तिथे सीलंट लावा. आणि रिमचं फडकं बॉनेटला लावू नका, त्यात लोखंडाचा भुगा असतो.

कोरडा_पाषाण

रात्री टॉर्च तिरका धरून बघितला. क्ले बार कुठल्या दर्जाचा घ्यावा, बारीक की मध्यम?

फडकेवाली

बारीक 🙂